बोबो आला, बोबो गेला

स्वतःबद्दल बोलताना नुसतं ‘मी’ म्हणणं ज्यांना कमीपणाचं वाटतं अशी एक जमात असते. ही माणसं स्वतःचं नाव घेऊन बोलतात. आपल्याकडे ती बहुधा राजकारणात जातात, सभेत छातीवर हात ठेवून ‘हा अमुकतमुक कुणाच्या बापाला भीत नाही’ असं सांगतात आणि पुढच्या निवडणुकीत पक्ष बदलतात. दक्षिण कॅरोलायनातल्या हार्ट्सव्हिल गावी ११ ऑगस्ट १९०७ला जन्मलेला असा एक इसम राजकारणाऐवजी बेसबॉलमध्ये गेला. पक्ष बदलण्याच्या बाबतीत मात्र त्याने भल्याभल्या पुढाऱ्यांना मागे टाकलं.

कागदोपत्री नाव लुईस नॉर्मन न्यूसम. गावाकडे त्याला ‘बक’ म्हणत. तो स्वतःला ‘बोबो’ म्हणे, आणि समोरच्यालाही बोबोच म्हणे. संघातला सोबती बोबो, समोरचा बॅटर बोबो, बातमीदार बोबो. यामागचं कारण असं सांगतात की तो इतक्या वेळा इकडून तिकडे गेला की नावं पाठ करणं त्याने सोडूनच दिलं. जगात दोन प्रकारची माणसं: एक बोबो, आणि दुसरे इतर बोबो. गोंधळ होण्याचा प्रश्न नव्हता, कारण बोलणं नेहमी पहिल्याविषयीच चाललेलं असे.

तो पिचर होता. बेसबॉलमध्ये सामन्याचं भवितव्य पिचरच्या खांद्यावर असतं. सामन्याचा निकाल नोंदवतानाही जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या बाजूच्या एकेका पिचरच्या नावावर तो विजय किंवा पराभव चढतो. बाकीचे आठ जणही क्षेत्ररक्षणाला उभे असतात, पण खातं एकट्याचं. ज्याला आपल्याशिवाय मैदानात दुसरं कुणी दिसतच नाही, त्याच्यासाठी याहून सोयीची जागा कोणती? सहा फूट तीन इंचांचा हा अगडबंब गडी मैदानाच्या मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहिला की सामन्याचा यजमान आपणच, अशा थाटात वावरे.

आता त्याच्या फिरतीचा हिशेब. १९२९ ते १९५३ या काळात बोबो नऊ संघांकडून खेळला. यात विशेष ते काय, असं कुणी म्हणेल. विशेष हे की या नऊ संघांत त्याच्या मुक्कामांची संख्या सतरा होते. ब्रुकलिन दोनदा, फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स दोनदा, सेंट लुईस ब्राउन्स तीनदा आणि वॉशिंग्टन सेनेटर्स तब्बल पाचदा. उरलेले पाच संघ म्हणजे शिकागो कब्ज, बॉस्टन रेड सॉक्स, डेट्रॉइट टायगर्स, न्यूयॉर्क यांकीज आणि न्यूयॉर्क जायंट्स. यांनी एकेकदाच अनुभव घेतला. कब्जने तर एकाच सामन्यात हात टेकले. १९४३च्या एका हंगामात तो ब्रुकलिनहून सेंट लुईसला आणि सेंट लुईसहून वॉशिंग्टनला गेला आणि हंगाम संपल्यावर डिसेंबरात अदलाबदलीत फिलाडेल्फियाला दिला गेला. धोब्यालाही पत्ता देणं अवघड व्हावं अशी परिस्थिती.

फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष म्हणून चार वेळा निवडून आले, बोबोच्या वॉशिंग्टनमधल्या कारकिर्दी पाच. ही बाब त्याने स्वतःच लोकांच्या लक्षात आणून दिली, हे वेगळं सांगायला नको.

वॉशिंग्टनचे मालक क्लार्क ग्रिफिथ हे गाठीला पैसा घट्ट बांधून ठेवणारे गृहस्थ. बोबोला स्वस्तात आणावं, त्याची बडबड ऐकून कान किटले की विकावं, आणि पुन्हा करमेनासं झालं की परत आणावं, असं त्यांचं चाले. पिनोकल नावाच्या पत्त्यांच्या डावाला भिडू कमी पडतो म्हणून ग्रिफिथ त्याला परत बोलावतात, अशी थट्टा तेव्हा होत असे. १९३७ साली त्यांनी बोबो आणि बेन चॅपमन यांना बॉस्टनला देऊन वेस आणि रिक हे फेरेल बंधू घेतले. बॉस्टनचा व्यवस्थापक जो क्रोनिन हा स्वतः शॉर्टस्टॉपच्या जागी खेळत असे आणि चेंडू टाकणाऱ्याला सल्ले द्यायला दर थोड्या वेळाने उंचवट्यावर येई. बोबोने त्याला सांगितलं म्हणे की तू तुझ्या जागेवर जा, इथलं बोबो बघून घेईल. पुढच्या वर्षी बोबो पुन्हा सेंट लुईसला होता.

या सगळ्या खरेदी-विक्रीत बोबोचं मत कुणी विचारत होतं का? अजिबात नाही. त्या काळी अमेरिकन बेसबॉलच्या करारात एक राखीव हक्काचं कलम असे. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क मालकाकडेच राही. मालक त्याला विकू शके, दुसऱ्या कुणाच्या बदल्यात देऊ शके, पगार कापू शके. खेळाडूच्या हातात एवढंच होतं की पटत नसेल तर घरी बसावं. लवादाच्या निर्णयाने हे जोखड मोडायला १९७५ साल उजाडावं लागलं. बोबोच्या वेळी त्याचा हात, त्याचा खांदा, त्याचा पुढचा उन्हाळा, सगळं कुणाच्या तरी मालकीचं होतं. विकता येत नव्हती ती फक्त त्याची जीभ. तिचा वापर त्याने पुरेपूर केला.

वाचाळ माणसाबद्दल आपला एक ठाम समज असतो: गरजेल तो पडेल काय. बोबो गरजायचा आणि पडायचाही. अनेकदा तर शब्दशः पडायचा. शिकागोला जायचं ठरलं तेव्हा त्याची मोटार कड्यावरून खाली गेली आणि पाय मोडला. प्लॅस्टर निघाल्यावर तो खेचरांच्या बाजारात फिरायला गेला आणि एका खेचराने लाथ घालून तोच पाय पुन्हा मोडला. निदान तो स्वतः असं सांगे, आणि सांगताना खेचराच्या ताकदीबद्दल हात आखडता घेत नसे. बोबोचा पाय मोडणारं खेचर साधंसुधं असून कसं चालेल?

पुढच्या गोष्टींना मात्र हजारो साक्षीदार होते. १९३५ साली वॉशिंग्टनला नुकताच आलेला असताना क्लीव्हलँडच्या अर्ल अ‍ॅव्हरिलने मारलेला चेंडू थेट त्याच्या गुडघ्यावर बसला. वाटी फुटली. बोबो उठला आणि उरलेला सामना खेळला. मग आला १४ एप्रिल १९३६. वॉशिंग्टनमधला हंगामाचा पहिला सामना, समोर यांकीज, आणि रिवाजाप्रमाणे पहिला चेंडू फेकायला रूझवेल्ट जातीने हजर. सामन्यात यांकीजच्या एका बॅटरने चेंडू हळूच समोर ढकलला. वॉशिंग्टनचा ऑसी ब्लूजी तिसऱ्या बेसवरून धावत आला, चेंडू उचलला आणि सणसणीत पहिल्या बेसकडे फेकला. वाटेत बोबो उभा होता. अशा वेळी पिचरने खाली वाकायचं असतं. बोबोला वाकायची सवय नव्हती. चेंडू जबड्यावर आदळला. दोन्ही हातांनी तोंड धरून तो मैदानात गोल गोल फिरला. दुसरा कुणी असता तर तडक इस्पितळ गाठलं असतं. बोबो परत उंचवट्यावर गेला. राष्ट्राध्यक्ष बोबोला बघायला आलेत, मग बोबो त्यांना निराश कसा करील, हे त्याचं त्यावरचं स्पष्टीकरण. रूझवेल्ट नेमके कुणाला बघायला आले होते, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. मोडक्या जबड्याने त्याने यांकीजना एकही धाव करू दिली नाही आणि लेफ्टी गोमेझसारख्या पिचरविरुद्ध सामना १-० असा जिंकला. जबडा मोडल्यावर तरी तो बोलायचा थांबला असेल, अशी आशा बाळगणाऱ्यांची निराशा झाली.

पण हाच बोबो अपयशाच्या बाबतीतही सढळ होता. १९२९ साली ब्रुकलिनकडून पदार्पण केलं खरं, पण पहिला विजय मिळायला १९३४ उजाडलं. मधल्या काळात, १९३३ मध्ये, पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये लॉस एंजेलिसच्या संघासाठी त्याने एका हंगामात ३० सामने जिंकले होते, म्हणजे हातात काहीतरी होतं हे नक्की. १९३४ मध्ये ब्राउन्सकडून खेळताना १८ सप्टेंबरला त्याने बॉस्टनविरुद्ध चमत्कार केला. संपूर्ण नऊ इनिंगमध्ये समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळू दिली नाही. असा सामना पिचरच्या आयुष्यात एकदा आला तरी नातवंडांना सांगता येतो. पण सामना बरोबरीत असल्याने दहाव्या इनिंगमध्ये गेला. दोन बॅटर बाद झाले, आणि मग रॉय जॉन्सनने पहिली हिट मारली. बोबो २-१ हरला. त्या मोसमात त्याच्या नावावर १६ विजय आणि २० पराभव लागले.

एका हंगामात वीस पराभव ही ऐकायला नाचक्कीची गोष्ट वाटते, पण तिच्या आत एक कौतुक दडलेलं असतं. वीस सामने हरण्याइतक्या वेळा ज्याच्या हाती चेंडू दिला जातो, त्याच्यावर कुणाचा तरी भरवसा असतो. फुटकळ पिचरला दहाव्या पराभवालाच बाकावर बसवतात. बोबोने हा मान तीनदा मिळवला: १९३४, १९४१ आणि १९४५. आणि वीस विजयांचा मानही तीनदा मिळवला. १९३८चं वर्ष तर दोन्ही मानांच्या मधोमध होतं. ब्राउन्सने त्या वर्षी सगळे मिळून ५५ सामने जिंकले, त्यातले २० एकट्या बोबोने. मात्र दर नऊ इनिंगमागे त्याने पाचांहून अधिक धावा दिल्या. इतक्या धावा वाटून वीस सामने जिंकणं हा उधळ्या श्रीमंताचा थाट होता.

जो डिमॅजिओ या यांकीजच्या दैवताबद्दलचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. बोबोने जाहीर केलं की डिमॅजिओची कमजोरी आपल्याला सापडली आहे. सामन्यात डिमॅजिओने त्याला एकापाठोपाठ तीन दुहेरी फटके मारले, म्हणजे दर फटक्याला दोन-दोन बेस. बातमीदारांनी विचारलं, सापडलेल्या कमजोरीचं काय झालं? बोबो म्हणाला, सापडली ना, दुहेरी फटके हीच त्याची कमजोरी!

त्याच्या अंधश्रद्धाही त्याच्याच मापाच्या होत्या. उंचवट्यावर कागदाचा कपटा पडलेला त्याला खपत नसे. एकेक कपटा वेचून दूर केल्याशिवाय चेंडू टाकायचा नाही. ही बातमी पसरल्यावर समोरच्या संघांनी जे करायचं तेच केलं: मैदान सोडताना कागद फाडून उंचवट्याभोवती उधळायला सुरुवात केली. मग हजारो प्रेक्षकांसमोर अमेरिकेतला हा थोर पिचर कंबरेत वाकून कचरा गोळा करताना दिसे. राष्ट्राध्यक्षांसमोर न वाकलेला माणूस कपट्यांपुढे रोज वाकला.

१९४० हे बोबोचं वर्ष. डेट्रॉइटसाठी २१ विजय, फक्त ५ पराभव, आणि संघ वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत. प्रतिस्पर्धी सिनसिनाटी रेड्स. २ ऑक्टोबरला पहिला सामना बोबोने ७-२ असा जिंकला. दक्षिण कॅरोलायनाहून त्याचे वडील मुद्दाम तो पाहायला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सिनसिनाटीतल्या हॉटेलात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

इथे बढाईखोर माणसाबद्दलचा आपला दुसरा समज अडखळतो: याला स्वतःपलीकडे काही नाही. ६ ऑक्टोबरला बोबो पुन्हा उभा राहिला. तो सामना वडिलांसाठी असल्याचं त्याने सांगितलं, आणि जगात उत्तम मानलेल्या संघाला तीन हिट आणि शून्य धावांवर गुंडाळलं. डेट्रॉइट ८-० जिंकलं. मग ८ तारखेला, मध्ये जेमतेम एका दिवसाची विश्रांती मिळालेली असताना, सातव्या आणि निर्णायक सामन्यासाठी तोच मैदानात उतरला. हा सामनाही वडिलांसाठी जिंकायचा का, असं कुणीसं विचारलं. नाही, बोबो म्हणाला, हा बोबोसाठी. दुःखाची त्याची मुदत संपली होती असं नव्हे. पण पुन्हा वडिलांचं नाव भांडवल म्हणून वापरायचं नाही, एवढी लाज त्याच्या आत्मप्रौढीतही शिल्लक होती.

सातव्या इनिंगपर्यंत डेट्रॉइट १-० पुढे होतं. मग फ्रँक मॅकॉर्मिकने दुहेरी फटका मारला आणि पाठोपाठ जिमी रिपलने दुसरा. मॅकॉर्मिक वाटेत घुटमळला. चेंडू परतून डिक बार्टेलच्या हातात आला तेव्हा त्याला घरच्या प्लेटवर बाद करता आलं असतं, पण बार्टेल पाठमोरा उभा होता आणि प्रेक्षकांच्या कोलाहलात सोबत्यांच्या हाका त्याला ऐकू आल्या नाहीत. चेंडू त्याच्या हातातच राहिला. बरोबरी झाली, आणखी एक धाव आली, आणि पॉल डेरिंजरने ती टिकवली. रेड्स २-१. खातं मात्र एकट्याचं असतं, त्यामुळे पराभव बोबोच्या नावावर लागला.

पुढच्या वर्षी पगाराच्या बाबतीत तो पिचरांमध्ये सगळ्यांत वरच्या रांगेत जाऊन बसला, आणि १२ जिंकून २० हरला. टायगर्सचे जनरल मॅनेजर जॅक झेलर यांनी पगार निम्म्याहून कमी करायचं ठरवलं. इथे एक जुनी भानगड समजून घ्यायला हवी. १९४० साली बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी टायगर्सच्या हाताखालच्या संघांतले ९१ खेळाडू, नियमबाह्य व्यवहारांबद्दल शिक्षा म्हणून, एका फटक्यात मोकळे केले होते. म्हणजे झेलरसाहेबांच्या कारकिर्दीत क्लबाचं मोठंच नुकसान झालेलं होतं. शिवाय झेलरसाहेबांच्या डोक्यावर केसांचा पत्ता नव्हता. बोबोने त्यांना ‘कुरळे केसवाले’ अशी हाक मारून विचारलं, की तुम्ही ९१ खेळाडू गमावले, तुमचा पगार कापलेला तर दिसत नाही? मुद्दा बिनतोड होता. त्यामुळेच उत्तर मिळालं नाही, वॉशिंग्टनचं तिकीट मिळालं.

वॉशिंग्टनने त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला ब्रुकलिनला विकलं. ब्रुकलिन डॉजर्स तेव्हा आघाडीवर होते. बोबोने तार ठोकली: विजेतेपद विकत घेतल्याबद्दल अभिनंदन, उद्या ठणठणीत अवस्थेत हजर होतो. हजर झाला, दोन सामने जिंकला, दोन हरला, आणि १०४ विजय मिळवूनही डॉजर्स सेंट लुईस कार्डिनल्सच्या मागे राहिले. विजेतेपदाची खरेदी फसली. दुसऱ्या वर्षी त्याचं आणि व्यवस्थापक लिओ ड्युरोशरचं वाजलं. ड्युरोशरने त्याला निलंबित करताच अख्खा संघ बिथरला, आर्की व्हॉनने रागाने आपला गणवेश उतरवून दिला, आणि त्या दिवशी सामना होतो की नाही असा प्रसंग आला. सगळ्या सोबत्यांना ‘बोबो’ म्हणणाऱ्या, नावंही लक्षात न ठेवणाऱ्या माणसासाठी ते भांडायला उभे राहिले. काही दिवसांत बोबो सेंट लुईसला रवाना झाला.

यांकीजनी त्याला १९४७ साली घेतलं तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. त्याने त्यांच्यासाठी सात सामने जिंकले. वर्ल्ड सीरिजमध्ये तिसऱ्या सामन्याला त्याला उभं केलं तर दुसऱ्याच इनिंगमध्ये ब्रुकलिनने त्याला झोडपून बाहेर काढलं. यांकीज तो सामना हरले, पण मालिका जिंकले. १९४० साली प्राण पणाला लावून जे हाती आलं नाही, ते विजेतेपद अशा रीतीने सात वर्षांनी, मार खाऊन, पदरात पडलं. पुढे तो खालच्या लीगमध्ये चॅटनूगासारख्या गावांत खेळत राहिला आणि संपला असं वाटत असतानाच १९५२ साली वॉशिंग्टनने त्याला पाचव्यांदा बोलावलं. शेवटचे चेंडू त्याने १९५३ साली फिलाडेल्फियासाठी टाकले, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. विसाचं, तिसाचं, चाळिसाचं आणि पन्नासाचं, अशा चार दशकांत त्याचा हात फिरला. ७ डिसेंबर १९६२ला फ्लोरिडात तो गेला. त्याच्या गावात आता त्याच्या नावाचा हमरस्ता आहे.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली नाही. पण १९४९ साली विनोदी कवी ऑग्डेन नॅश यांनी बेसबॉलच्या थोरांची मुळाक्षरांवार एक कविता लिहिली, आणि त्यात सर्वकालीन दिग्गजांच्या पंगतीत ‘एन’ या अक्षराला बसवला तो न्यूसम. तेव्हा तो हयात होता, खालच्या लीगमध्ये चेंडू टाकत होता. ही कविता वाचून ‘यात इतर नावं कशाला?’ असं त्याला वाटलं असलं तर आश्चर्य नाही.

त्याच्या कारकिर्दीचा ताळेबंद असा: २११ विजय, २२२ पराभव. दोनशेंहून अधिक सामने जिंकूनही जिंकल्यापेक्षा हरलेले जास्त, असे पिचर मोठ्या लीगच्या इतिहासात दोनच. दुसरा जॅक पॉवेल, २४५ विजय आणि २५४ पराभव. पॉवेलबद्दल आज कुणी किस्से सांगत नाही. दोघांचं गणित जवळपास सारखं असताना एक लक्षात राहतो आणि दुसरा राहत नाही, याला कारण जीभ, आणि जिभेच्या मागे उभा राहणारा जबडा. बढाई ही हुंडी असते. बहुतेक बढाईखोरांच्या हुंड्या कधी वटतच नाहीत, म्हणून आपण त्यांना हसतो. बोबोने ४३३ वेळा हुंडी लिहिली आणि २११ वेळा वटवून दाखवली, एकदा तर मोडक्या जबड्याने. निम्म्याला थोडी कमी पडली. पण त्याच्या पेढीवर दर वेळी नवा मालक येऊन पुन्हा हुंडी घ्यायला तयार होई, सतरा वेळा झाला. विकणाऱ्यांना वाटे आपण सुटलो, आणि विकत घेणाऱ्यांना वाटे आपल्याकडे बोबो आला. दोघांचंही बरोबर होतं.